रिकामा पट्टा

बारकीने गुडघ्याच्या उंचीवर, हवेतच, पट्ट्याची कडी खटकन बंद केली आणि दार उघडलं. सकाळचे सहा वाजले होते. पट्टा नवा होता, लाल होता आणि त्यात कुत्रा नव्हता.

"एकोणीस," असं जाहीर करून ती जिना उतरली.

चहाचा कप हातात धरून तिचे बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हा सगळा उपद्व्याप त्यांचाच. कुत्रा हवा म्हणून पोरीने दोन महिने डोकं खाल्लं, तेव्हा त्यांनी अट घातली होती. तीस दिवस, रोज सकाळी सहाला, तिने स्वतः पट्टा चौकापर्यंत फिरवून आणायचा. एक दिवस चुकला की परत एकपासून. चार दिवसांत हौस फिटेल, असं ते बायकोला म्हणालेही होते. बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं होतं.

बाबा सरकारी निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर उचलून न्यायची, हे त्यांचं काम. पाच ग्रॅमचा फरकही त्यांना खपत नसे. ते नुसते रस्त्याने निघाले तरी दुकानदार उगाचच तराजू पुसायला लागत. अशा माणसाची नऊ वर्षांची लेक रोज रिकामा पट्टा फिरवते म्हटल्यावर रस्त्याला चांगलाच विषय मिळाला होता.

"अगं, कुत्रा सुटला बघ तुझा!" कोपऱ्यावरचा वाणी पहिल्याच आठवड्यात ओरडला होता.

"सुटला नाही. यायचाय अजून," बारकी म्हणाली होती आणि पुढच्या दिव्याच्या खांबापाशी जरा वेळ थांबली होती. कुत्रे थांबतात म्हणून ती प्रत्येक खांबापाशी थांबायची.

तो पहिला आठवडा बाबा मागच्या रस्त्याने कचेरीत गेले. दुसऱ्या आठवड्यात ते खिडकीत उभे राहू लागले. तिसऱ्यात तर तराजू तपासता तपासता, कुणी विचारलेलं नसताना, "आज सतरावा," असं सांगू लागले. आपल्याला इतका अभिमान वाटतोय हे त्यांना स्वतःलाच नवीन होतं, आणि तो लपवावा कसा हे त्यांना कळत नव्हतं.

कुत्राही ठरलेला होता. गावाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात एक तपकिरी पिल्लू होतं, एक कान ताठ उभा, दुसरा पडलेला. निवारा सांभाळणाऱ्या ताईंनी बारकीला शब्द दिला होता, पण मोजून तीस दिवसांचा. "त्यापुढे नाही हं ठेवता येणार. आणखी एकांनी नाव लिहून ठेवलंय," त्या म्हणाल्या होत्या.

सव्विसाव्या दिवशी बारकी एका पायात बूट घालून खाली बसली ती उठेचना. आईने कपाळाला हात लावला आणि उचलून सरळ अंथरुणात नेऊन टाकलं.

"सहा वाजले," बारकी पुटपुटत होती. "आई, सहा वाजले ना."

औषध पोटात गेल्यावर तिचा डोळा लागला. बाबा थोडा वेळ पलंगापाशी उभे राहिले. मग त्यांनी खुंटीवरचा पट्टा काढला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"येतो जाऊन."

रस्ता एवढा लांब आहे हे त्यांना कधी जाणवलं नव्हतं. पट्टा कसा धरायचा इथपासून तयारी होती. पहिल्या खांबापाशी ते थांबले नाहीत, मग चार पावलं मागे येऊन थांबले. वाणी दुकान उघडत होता. गेल्याच महिन्यात त्याचा तराजू बाबांनी उचलून नेला होता.

"साहेब, आज तुम्ही?"

"सव्विसावा," बाबा म्हणाले. कान तापले होते, तरी त्यांनी मान खाली घातली नाही. चौकाला वळसा घालून, एकही खांब न चुकवता ते परत आले आणि दिनदर्शिकेवर सव्विसाव्या चौकटीत पेन्सिलीने खूण केली.

दुपारी जेवायला घरी आले तर खूण पुसलेली होती. बारकी उशीला टेकून बसली होती. डोळे लाल, हातात खोडरबर.

"अगं, मी फिरवून आणला ना," बाबा म्हणाले. "सकाळीच. चौकापर्यंत."

"मला आईने सांगितलं. पण मी नाही ना गेले."

"तू आजारी होतीस. चालतं एवढं."

बारकीने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, दुकानदाराचं माप कमी भरलं तर तुम्ही तुमच्या पिशवीतलं त्यात टाकता का?"

बाबांनी पुसलेल्या चौकटीकडे पाहिलं.

"परत एकपासून," ती म्हणाली, आणि मग मात्र तिचं तोंड वाकडं झालं. "ताईंना सांगा, द्या म्हणावं त्या दुसऱ्यांना. त्याचा तो कान ओढू नका म्हणावं पण." तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

बाबा बाहेर आले. ताटावर बसले खरे, पण पोळी नुसती मोडत राहिले. सबंध नोकरीत इतकं चोख माप त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला होता आणि स्वतःच्या अटीचा मनस्वी रागही आला होता.

"बापावर गेलीय," आई म्हणाली. "आता भोगा."

बाबा उठले, हात धुतले आणि कचेरीत फोन केला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. पलीकडच्या कारकुनाने दोनदा नाव विचारून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सहाला पाच कमी असताना बारकी उठली, दोन्ही बूट चढवले आणि खुंटीकडे गेली. खुंटी रिकामी होती. दारापाशी बाबा उभे होते, बाहेर जायच्या कपड्यांत. त्यांच्या हातात पट्टा होता आणि पट्ट्याच्या टोकाला पायपुसणं चावणारं पिल्लू, एक कान उभा नि एक पडलेला.

बारकी जागची हलली नाही. "तीस दिवस झाले नाहीत," ती म्हणाली.

"नाहीच झाले. एकपासूनच मोजायचे."

"मग हा?"

"रोज सहाला पट्टा फिरवायचा, एवढीच अट होती," बाबा म्हणाले. "पट्टा रिकामाच हवा, असं मी कुठे म्हटलं होतं? मी नीट तपासलंय."

बारकीने बराच वेळ विचार केला. ती अटीत कुठे खोट आहे का ते शोधते आहे, हे त्यांना कळत होतं, आणि ते खरोखरच श्वास रोखून उभे होते.

"आणि चुकला दिवस तर?"

"परत एक."

तिने पट्टा हातात घेतला. मग एकदम खाली बसून तिने त्या पडलेल्या कानाला गाल लावला, आणि बाबांनी उगाचच दाराची कडी तपासली.

खाली रस्त्यावर पिल्लू पहिल्याच खांबापाशी थांबलं. कोपऱ्यावर वाणी दुकान उघडता उघडता तसाच उभा राहिला.

"वा! आज कितवा, साहेब?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं.

"पहिला," बारकी मान ताठ करून म्हणाली.