मुखवटे इथे कसे आले?

संग्रहालयातल्या त्या गाइडला सगळे उत्तरबाई म्हणायचे. तोंडावर नाही, माघारी; पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. जगाच्या इतिहासाचं संग्रहालय ते, आणि लोकांचे प्रश्न म्हणाल तर ठरलेले. पिरॅमिड गुलामांनी बांधले का? व्हायकिंग शिंगांची टोपी घालायचे का? रोम जळत होतं तेव्हा बादशहा खरंच फिडल वाजवत बसला होता का? उत्तरबाई एकेकाचा हातासरशी निकाल लावायची. पिरॅमिड गुलामांनी नव्हे, मजुरांनी बांधले. त्यांची थडगी तिथेच शेजारी सापडलीत. शिंगं नाटकवाल्यांनी मागाहून चिकटवली. आणि फिडल? अहो, फिडल तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं, वाजवणार काय, कप्पाळ? लोक खो खो हसायचे आणि हसता हसता खरं काय ते घरी घेऊन जायचे.

एका प्रश्नाला मात्र ती हसायची नाही. वरच्या दालनात काशाचे मुखवटे होते, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा राजवाड्यातले. रुंद कपाळं, मिटलेले ओठ. तिथे पोचलं की कोणी ना कोणी विचारायचंच, हे इथे कसे आले हो? पाटीवर लिहिलं होतं, तिथल्या राजाने कप्तानाला दिलेली स्नेहभेट. उत्तरबाई पाटीकडे ढुंकूनही बघायची नाही. ती म्हणायची, ही डावी बाजू बघा, कशी काळी पडलीय. ती आगीने. आता मानेखाली बघा, या छिन्नीच्या खुणा. भेट द्यायची वस्तू कोणी अर्धी जाळून, दारावरून उचकटून देतं का? राजवाडा पेटवला, मुखवटे उपटले आणि जहाजात घातले. याला आपल्या साध्या भाषेत चोरी म्हणतात.

संचालकांच्या कानावर हे जायचंच. ज्या कप्तानाने मुखवटे आणले त्याचा पणतू संग्रहालयाचा विश्वस्त होता, त्यामुळे संचालकांना हे परवडणारं नव्हतं. पण वर्षावर्षाच्या करारावर राबणारी, सुट्टी न घेणारी दुसरी गाइड मिळणार कुठून? म्हणून ते मूग गिळून बसायचे. असं चाललं होतं बरं.

मग ते यंत्र आलं. विश्वस्तांनीच दिलं. कानाला लावायचं, काचेपाशी बटण दाबायचं, की उत्तर ऐकू येणार. गाइड नको, घोळका नको. संचालकांनी उत्तरबाईला खोलीत बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. ते गोड बोलत राहिले. गाइडांचं काम आता संपलं. पण यंत्रात आवाज तिचाच असेल, लोकांना तोच आवडतो. आणि तिच्यासाठी तिकीट खिडकीवरची जागा राखून ठेवलीय. कायमची.

घरी सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून दोनदा तोंड दाखवणार. घराचा गाडा सुनेच्या कमाईवर. दर वर्षी करार संपत आला की सासू-सून दोघींची झोप उडायची. आता कायम म्हणजे कायम, सही करून टाक, असं त्या जेवताना म्हणाल्या आणि भांडी घासतानाही म्हणाल्या. त्यात काही खोट नव्हती. उत्तरबाईने सही केली. तिच्या आवाजावर यापुढे संग्रहालयाचा हक्क राहील असं त्यात होतं, तेही तिने वाचलं. आवाजाचं काय करणार आहेत मेले, लोणचं घालणार आहेत का, असं म्हणून ती मोकळी झाली.

तळघरातल्या एका खोलीच्या भिंतींना जुने पडदे लावून रेकॉर्डिंगवाल्याने आपला संसार थाटला होता. माणूस मऊ, सारखा घसा खाकरणारा. काम छान झालं. जिराफाच्या चित्राच्या दिवशी तिला सडकून सर्दी झाली होती. चीनच्या बादशहाला परमुलखातून जिराफ भेट म्हणून आला, हे तिने चोंदलेल्या नाकाने सांगितलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, असू दे, गोड वाटतंय. शेवटी मुखवट्यांची पाळी आली. समोर ठेवलेल्या कागदावर स्नेहभेटच होती. उत्तरबाईने कागद पालथा घातला आणि आगीपासून छिन्नीपर्यंत जे रोज सांगायची ते सांगितलं.

संचालक तळघरात आले. कागदावरचं वाचा म्हणाले. ती नाही म्हणाली. एका वाक्याने काय आभाळ कोसळतंय, असं त्यांनी विचारलं. खिडकीची आठवण करून दिली, सासूबाईंचीसुद्धा. खोटं कशाला सांगा, कायमची नोकरी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तरी ती म्हणाली, "साहेब, इतकी वर्षं लोकांनी माझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवलाय. ते बटण रिकामं ठेवा. मी ते वाचणार नाही."

संचालक काही न बोलता वर गेले. आठवडाभराने निरोप आला की वाद मिटला, उद्घाटनाला घरच्यांना घेऊन या. उत्तरबाईला वाटलं, जिंकलो बुवा. बटण रिकामं ठेवलं असणार. आपल्याला वाटतं ना, की समोरचा गप्प बसला म्हणजे हरला? तिथेच फसतो आपण.

उद्घाटनाला सासूबाई ठेवणीतला शालू नेसून आल्या. आजवर त्या संग्रहालयाची पायरी चढल्या नव्हत्या. मेलेल्यांच्या वस्तू काय बघायच्या, हे त्यांचं म्हणणं. पण सुनेचा आवाज कानात ऐकू येतो म्हटल्यावर स्वारी खूश. त्या वाटेत येईल त्या काचेपाशी बटण दाबत होत्या, पिरॅमिडला मान डोलावत होत्या आणि शेजारच्या अनोळखी माणसांना सांगत होत्या, सून माझी. वरच्या दालनात विश्वस्त, संचालक आणि पाहुणे मुखवट्यांभोवती उभे होते, सगळ्यांच्या कानाला यंत्रं. सासूबाईंनी बटण दाबलं, ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. पुन्हा दाबलं. मग यंत्र कानावरून काढून सुनेपुढे धरलं.

"अगं, एका वाक्यात मधेच तुला सर्दी कशी झाली?"

उत्तरबाईने यंत्र कानाला लावलं. आवाज तिचाच होता. 'हे मुखवटे', हे तिच्याच त्या नाकारलेल्या उत्तरातलं. 'राजाने' दुसऱ्याच कुठल्या दालनातलं, जरा उंच पट्टीतलं. 'कप्तानाला' पुन्हा त्या नाकारलेल्या उत्तरातलं. आणि मग चोंदलेल्या नाकाने, जिराफाच्या चित्रातून कापून आणलेलं, 'भेट म्हणून'. शेवटी ठणठणीत आवाजात, 'दिले'. तिच्याच शब्दांची ठिगळं जोडून तिच्याच तोंडी खोटं घातलं होतं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. कोणी आपला हात धरून आपल्याच हाताने दुसऱ्याच्या थोबाडीत मारावी, तसं तिला झालं. कोपऱ्यात रेकॉर्डिंगवाला फरशीकडे बघत उभा होता. संचालक पाहुण्यांशी हसत होते.

दालनात किती माणसं आहेत, विश्वस्त कुठे उभे आहेत, यातलं काही तिने पाहिलं नाही. रोज घोळक्यापुढे उभी राहायची तशी ती काचेपुढे जाऊन उभी राहिली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "कानातलं काढा जरा. त्यात माझा आवाज आहे, पण ते मी म्हटलेलं नाही. हे मुखवटे भेट दिलेले नाहीत. चोरलेले आहेत. खुणा इथे आहेत, या आणि डोळ्यांनी बघा."

मग सासूबाई पुढे झाल्या, चष्मा नाकावर ढकलून काचेत वाकल्या आणि त्यांनी जळकी बाजू, छिन्नीच्या खुणा असं सगळं निवांत बघितलं. त्यांच्या मागून एक पाहुणी आली, तिच्या मागून आणखी दोघं. विश्वस्तांचा चेहरा पांढराफटक पडला. पणजोबांनी राजाशी कशी मैत्री जोडली ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे पाठ करून माणसं काचेत वाकली होती. संचालकांनी उत्तरबाईचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. खालच्या आवाजात म्हणाले, तिकीट खिडकी आता विसरायची. आवाज संग्रहालयाचा आहे, सही केलीय, तो बदलणार नाही आणि काढणारही नाही. तिने आपला दंड सोडवून घेतला.

घरी जाताना सासूबाई शालूचा पदर सावरत पुढे चालत होत्या. उत्तरबाईच्या मनात नको नको ते येत होतं. नोकरी गेली. शालू नेसून आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या देखत गेली. आता घरी गेल्यावर बोलणी खावी लागणार, आणि त्यांचं तरी काय चुकणार? नवऱ्याला फोनवर काय सांगायचं तेही सुचेना. जिना चढून झाल्यावर सासूबाई दारापाशी दम खात थांबल्या.

"उद्या जाणार ना तिथे?"

"मला आत कोण घेणार, आई? काढून टाकलंय मला."

"नोकर म्हणून काढलंय. तिकीट काढून जा की. पैसे मोजून आत आलेल्या माणसाला गप्प बस म्हणायची कुणाची टाप आहे ते बघू." मग कुलूप काढता काढता त्या म्हणाल्या, "आणि जिराफ मला बघायचा राहिला. मीही येते."

दुसऱ्या दिवशी दोघी रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीवर नवीन पोरगी बसली होती, तिने मुकाट्याने दोन तिकिटं फाडून दिली. दरवानाने उत्तरबाईला ओळखलं आणि उगाचच छताकडे बघितलं. जिराफापाशी सासूबाई रमल्या. उत्तरबाई वर गेली. दालनात एक जोडपं होतं. नवऱ्याने यंत्र कानाला लावून बटण दाबलं, ऐकलं, आणि राजाने भेट दिलेत म्हणे, असं बायकोला सांगितलं. बायको पुढच्या काचेकडे वळली होती. उत्तरबाई दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"तुमच्या कानात बोलली ती मीच," ती म्हणाली. "आता माझ्या तोंडून ऐका."