पान उघडं ठेवा

मोंगूच्या औषध भांडारात सितुंबेको सव्वीस वर्षं होते. पुराच्या मैदानातल्या बेचाळीस दवाखान्यांची मागणी दर महिन्याला तेच एकत्र करत. आधी वहीत, मग संगणकावर. संगणक आल्यापासून मात्र एक पीडा मागे लागली. बटण दाबलं की चाक फिरत राहायचं, मिनिटभरानं ब्राउझर वाट बघून हात झटकायचा आणि समोर कोरं पान यायचं. बेचाळीस ठिकाणचा साठा गोळा करायला मिनिट कुठून पुरणार?

ते ॲप ज्या कंपनीचं, तिथेच लुसाकाला त्यांची मुलगी नामाकाऊ कामाला होती. म्हणजे तक्रार घरातच. "लोकांच्या मुली बापाला कपडे पाठवतात, माझी मला कोरं पान पाठवते," असं ते फोनवर म्हणाले, तेव्हा तिनं एका दुपारी तोडगा काढला. सगळं एकदम मागण्याऐवजी पानानं एकेका दवाखान्याचं मागायचं. प्रत्येक उत्तर मिनिटाच्या आत. पाऊण तासात काम बिनबोभाट होऊ लागलं. अट एकच होती. तोवर पान उघडं आणि समोर हवं. ते बंद झालं किंवा कुणी हात न लावल्यानं संगणक झोपला, की पुन्हा पहिल्यापासून.

खरा उपाय तिला ठाऊक होता. काम सर्व्हरनं मागे करत राहायचं, माणसाच्या हातात फक्त एक क्रमांक द्यायचा. त्यानं आपल्या वेळेनं येऊन बघावं. तीन दिवसांचं काम. "पुढच्या आठवड्यात करते, न्दाते," असं ती वडिलांना सात महिने सांगत होती. ते म्हणायचे, "असू दे गं. बसायची सवय आहे मला."

मार्चमध्ये ते गेले. हृदय बंद पडलं.

अंत्यविधीला आलेल्या बायका अंगणात चटयांवर बसल्या होत्या. भांडारात वडिलांच्या शेजारच्या टेबलावर बसणारी लिसेली नामाकाऊजवळ सरकली आणि हळू आवाजात त्या सकाळचं सांगू लागली. त्यांना घाम सुटला होता, डावा हात ते सारखा दाबत होते. रस्ता ओलांडला की इस्पितळ, जाऊन या, असं तिनं तीनदा सांगितलं. त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "एकतीस झालेत," म्हणाले, "अकराच राहिलेत. मुलीनं सांगितलंय, मधेच उठू नका." बेचाळीस पुरे झाले, मागणी गेली, मग ते उठले. फाटकापर्यंतच पोचले.

"या खेपेला एकाही दवाखान्याला औषध कमी पडायचं नाही," लिसेली म्हणाली. ती धीरच देत होती.

नामाकाऊ लुसाकाला परतली आणि त्या राहून गेलेल्या कामाला बसली. तीन दिवसांत झालं. निदान तीन आठवडे तरी लागावेत, असं तिला वाटत होतं.

एप्रिलच्या मागणीच्या दिवशी सकाळी तिनं लिसेलीला फोन केला. लिसेलीनं बटण दाबलं, क्रमांक आला, तो तिनं मोठ्यानं वाचून दाखवला.

"आता पान बंद करा, मा लिसेली."

"आणि काम?"

"चालू राहील."

क्लिक काही ऐकू येईना. पान बंद करायला लिसेलीचा हात होत नव्हता.

"मा," नामाकाऊ म्हणाली, "त्या दिवशी ते उठले नाहीत ते माझ्यामुळे. हे तेव्हाच करता आलं असतं. तीन दिवसांचं होतं. मी केलं नाही."

"मला वाटलंच होतं," लिसेली म्हणाली. "चटईवर तू मान वर करेनास. तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही, पोरी. तसं म्हटलं तर माझीही नाही म्हणावं लागेल, आणि मी त्यांचा हात धरून ओढायला हवं होतं." मग आवाज बदलून म्हणाली, "डब्यात मासे आणलेत, ते निवतायत. जाते मी."

खुर्ची सरकली. क्लिक झालं. पावलं लांब गेली, फोन टेबलावर तसाच राहिला.

नामाकाऊच्या पडद्यावर झालेल्या दवाखान्यांचा आकडा पुढे सरकत होता. आठ, नऊ. तिथे आता कुणी बसलेलं नव्हतं, आणि इथेही बसायची काही गरज नव्हती. शेजारच्या टेबलावरच्यानं चहाला हाक मारली. तिनं हातानंच नको म्हटलं.

एकतीस झाले. ती उठली नाही.