दुसऱ्या मजल्यावरचं कुलूप

मी संशयी आहे, हे आमच्या घरात कुणाला नवीन नाही. दूधवाला जास्त हसला की मी आधी दूध चाखून बघते. माझा नवरा रघु म्हणतो, "सगुणा, तू पोलिसात जायला पाहिजे होतंस." म्हणू दे बापडा. पण त्या मंगळवारी मी संशयी नसते तर काय झालं असतं, ते त्यानं एकदा स्वतःच्या मनाला विचारावं.

कोलशेतला आमच्या घरामागे आमचीच बिल्डिंग आहे. खाली दुकानं, वरचे दोन मजले डॉक्टर ऋजुता यांच्या नर्सिंग होमला भाड्यानं दिलेले. सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दुसरीकडे न्यायचा प्रश्नच आला नाही. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली मिळाली. सासूबाई खूश. म्हणाल्या, "आपलेच बिल्डिंगीत हाय मी. मना कसली भीती?"

बिल्डिंगच्या मागच्या अंगाला गावदेवीचं छोटं देऊळ आहे. शेंदूर फासलेली शिळा, सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधीपासूनची. बांधकामाच्या वेळी आर्किटेक्ट म्हणाला होता, देवीला जरा बाजूला घ्या, मागचा जिना नेमका तिथंच उतरतोय. झालं! रंभाबाई म्हणजे आमच्या सासूबाई, त्यांनी अन्न सोडलं. "देवी हलायची नाय. तुमचा जिना हलवा." शेवटी माझा दीर देवेश म्हणाला, जिना हलवला, आणि घरात पुन्हा चूल पेटली. पुढे शिळेमागच्या भिंतीला पांढऱ्या टाइल्स लागल्या, वर घंटा आली. मंगळवारची पूजा तेव्हापासून माझ्याकडे.

त्या मंगळवारीही पूजा केली, धूप जाळला आणि डबा घेऊन वर गेले. खोलीत पाऊल टाकलं आणि वास आला. जळक्या वायरचा. बघते तर एसीच्या बटणातून ठिणग्या! मी किंचाळले. नर्स धावत आली, मेन स्विच बंद केला आणि म्हणाली, "होतं हो कधी कधी."

होतं कधी कधी? अगं बाई, माझी सासू उठून बसायची तर दोन माणसं लागतात!

मी व्हरांड्यात येऊन नीट बघायला लागले. पुढच्या जिन्याच्या तोंडाशीच विजेचं मोठं पॅनल. आग लागली तर पहिली तिथं लागणार, म्हणजे पुढचा जिना गेला. दुसऱ्या टोकाला, सासूबाईंच्या खोलीला लागून, एक दार. वर हिरवी पाटी, तिच्यात पळणारा माणूस. आणि दाराला हे एवढं कुलूप.

"चावी कुठाय?" मी नर्सला विचारलं.

"मॅडमकडे असेल."

रघुला फोन लावला. "मला काय माहीत? ते सगळं देवेश बघतो." देवेशला लावला. "डॉक्टरीणबाई बघतात ना ते." ही टोलवाटोलवी ऐकली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याची चावी कुणाकडेच नसते, त्यात काहीतरी लपवलेलं असतं.

थोड्या वेळानं देवेश मोसंबी घेऊन हजर. "वहिनी, तू दमलीस. घरी जा, मी बसतो आईजवळ." आता हा माणूस चहाचा कप संपेपर्यंत आईजवळ टिकत नाही! आणि बोलताना उभा कुठं? बरोब्बर त्या दाराला पाठ लावून. मी म्हटलं, "बस हां तू," आणि तडक डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले.

डॉक्टर ऋजुता डोंबिवलीच्या. बोलणं इतकं गोड की मला पहिल्या दिवसापासून त्यांचा भरवसा वाटला नव्हता. मी चावी मागितली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच नाटक करतेय.

"सगुणाताई, चावी तुमच्या दिरांकडे असते. मी पहिल्यापासून मागतेय."

"पहिल्यापासून? आणि बंद दाराआड पेशंट ठेवलेत?"

त्यांनी मान खाली घातली. "नकाशात जिना आहे. तपासणी असली की देवेशभाऊ येऊन कुलूप काढून ठेवतात. येणारे दार बघतात, पाटी बघतात, सही करतात. खाली कुणी उतरत नाही."

"तुम्ही उतरलात?"

"नाही." मग हळूच म्हणाल्या, "भीती वाटली. काही निघालं असतं तर हॉस्पिटल बंद करावं लागलं असतं."

असा संताप आला म्हणून सांगू! "तोडा ते कुलूप," मी म्हटलं. त्या चाचरल्या, मालकांची परवानगी वगैरे पुटपुटल्या. "मी मालकीण आहे. तोडा!"

वॉर्डबॉयनं कुलूप तोडलं तेव्हा देवेश कुठंतरी फोन लावत होता. डॉक्टर आणि मी मोबाइलच्या उजेडात खाली उतरायला लागलो. धूळ, जुन्या गाद्या, कोळिष्टकं. पहिला मजला गेला. शेवटचं वळण घेतलं आणि समोर भिंत. दार नाही, खिडकी नाही, नुसती विटांची भिंत.

मी तिच्यावर हात ठेवला. तेवढ्यात धुपाचा वास आला. लोबान आणि थोडा कापूर, मी घालते तसा. मग पलीकडे कुणीतरी घंटा वाजवली. आमच्या घंटेला चीर गेलीय, तिचा आवाज फुटका येतो, मी तो झोपेतही ओळखेन. दर मंगळवारी मी ज्या टाइल्स पुसत होते, त्यांच्या मागे मी उभी होते.

वर आले तर रघुही पोचला होता. देवेशचा चेहरा पांढराफटक. "वहिनी, आईच म्हणाली होती ना, देवी हलायची नाय? जिना काय असा हलतो? तोंड बुजवलं आणि पुढून टाइल्स लावल्या."

मी रघुकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"अगं, आग काय रोज लागते? दिवाळीनंतर भटजींना विचारून देवी सरकवणारच होतो..."

"तुझी आई आहे ती, रघु!" मला रडूच कोसळलं. इतकी वर्षं साऱ्या गावावर संशय घेतला, आणि हा माणूस माझ्याच ताटात जेवत होता.

खोलीचं दार उघडंच होतं. आतून सासूबाईंचा आवाज आला. "मना खाली न्या. त्या भिंतीपाशी."

डॉक्टर नको नको म्हणत होत्या, पण सासूबाईंपुढे कुणाचं चाललंय? खुर्चीत बसवून दोन्ही मुलांनी त्यांना उचललं. प्रत्येक वळणावर खुर्ची अडायची, त्या कण्हायच्या, देवेश धापा टाकायचा. भिंतीपाशी टेकवलं. सासूबाईंनी वास घेतला, विटांवरून हात फिरवला.

"वरती मी जलत असते," त्या म्हणाल्या, "तं ही देवी इथं माझ्याकडं पाठ करून बसली असती. तिचा काय दोष? मीच तिला हलू दिली नाय."

मग भिंतीला हात जोडले. "बाय, माझा शबुद मी मागं घेते. सरक आता." आणि मुलांना म्हणाल्या, "जावा दोघं पुढून. आधी तिला उचला, हातानं. मंग भिंत फोडा."

"आई, आज? निदान मुहूर्त तरी..." रघु म्हणाला.

"मी वर जायची नाय. इथूनच भायेर पडेन."

दोघं गेले. आम्ही तिघी अंधारात बसलो, सासूबाईंचा हात माझ्या हातात. मला अजून खात्री नव्हती, हे दोघं भटजींना फोन लावत बसतील असंच वाटत होतं. मग पलीकडून देवेशचा आवाज आला, रडवेला. "आई, उचलली देवी." सासूबाईंनी डोळे मिटले, गालांवरून पाणी ओघळलं.

घणाचा पहिला घाव पडला. हलकाच, टाइल फुटू नये असा. भिंत ढिम्म.

सासूबाई खुर्चीतून वाकल्या आणि सगळा जीव एकवटून ओरडल्या, "जोरात हान रे देवेश! तुझी आय आत हाय!"