उन्हाचा वाटा

गव्हाचा गरम चीक समोर असताना बोलू नये, असा इमॅन्युएल पाटोळे सरांचा उन्हाळ्यातला नियम होता. वर तेलाची धार, चिमूटभर मीठ, आणि मग जग इकडचं तिकडे झालं तरी सर "हं" एवढंच म्हणत. त्यांच्या पत्नी मरियाबाई वाटी पुढ्यात ठेवून, सोऱ्या पिशवीत घालून केव्हाच बाहेर पडल्या होत्या. चर्चच्या महिला मंडळाचे कुरडया घालायचे दिवस होते. त्यामुळे फोन वाजला तेव्हा तो घ्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि सरांचा नियम मोडला.

"सलाम सर, मी दिशा. काल दुपारी तुमच्याकडे ढग आले होते का?"

सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. चैत्राचं ऊन अंगणात भाजत पडलं होतं. "ढग? बाई, इथं कावळे सावली शोधत हिंडताहेत."

"मग वीज कुठं गेली?" दिशा म्हणाली.

वीज कुठं जाते, हे सरांना कधीच कळलं नव्हतं. ती कुठून येते तेही कळलं नव्हतं. पण "हो का? बघतो" असं ते अशा थाटात म्हणाले, की जणू ती शेजारच्या घरात गेली असेल आणि ते हाक मारून बोलावून आणतील.

कोल्हारच्या पुढं प्रवरेच्या काठाला मुलींचं जुनं बोर्डिंग आहे. निवृत्त झाल्यापासून पाटोळे सर त्याचे सेक्रेटरी. मागच्या वर्षी बोर्डिंग चालवणाऱ्या नगरच्या ट्रस्टनं निरोप धाडला होता, की विजेचं बिल असंच राहिलं तर हे बोर्डिंग बंद करून मुलींना नगरला हलवू. निरोप ऐकून मरियाबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. आई गेल्यावर त्या लहानपणी याच बोर्डिंगात आल्या होत्या, इथल्याच पंगतीत वाढल्या होत्या. मग पुण्याच्या एका कंपनीतर्फे दिशा आली. कोपरगावची मुलगी, बोलायला चटपटीत. कंपनी स्वतःच्या पैशानं गच्चीवर सोलरच्या काचा बसवणार, पंचवीस वर्षं त्यांची निगा राखणार, आणि त्यातून होणारी वीज बोर्डिंगनं कंपनीकडून विकत घ्यायची, वीज मंडळाच्या दरापेक्षा स्वस्तात. याला वीज खरेदी करार म्हणतात. करार जाडजूड होता. दिशा पानामागून पान उलटत समजावत होती आणि मधूनमधून विचारत होती, "समजलं ना सर?" सर नंदीबैलासारखी मान डोलावत होते.

आता हेच सर जन्मभर वर्गात काय सांगत आले? "समजलं नाही तर हात वर करा. जो विचारत नाही तो खरा ढ." कोल्हार पंचक्रोशीत निम्म्या लोकांना हे वाक्य पाठ आहे. पण दुसऱ्याला हात वर करायला सांगणं निराळं आणि चारचौघांत आपला हात वर करणं निराळं. सरांचा हात त्या दिवशी मांडीवरून हलला नाही. फक्त सही करायला हलला.

सही झाल्यावर सरांनी बायकांना सगळं सांगायला सभा घेतली, तिच्या शेवटी बोर्डिंगच्या स्वयंपाकीण रंगुबाईंनी विचारलं होतं, "सर, मंग गच्ची आता कुनाची?" दिशा तेव्हा बाहेर फोनवर होती. सर क्षणभर गडबडले, पण लगेच सावरले. "गच्ची आपलीच. काचा त्यांच्या. आणि ऊन परमेश्वराचं!" मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं. हे वाक्य सरांना स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढच्या रविवारी चर्चमध्येही त्यांनी ते ऐकवलं.

काचा बसल्या, बिल उतरलं, ट्रस्ट गप्प झाला. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि आता ही मुलगी विचारत होती वीज कुठं गेली म्हणून.

"गेल्या महिन्यात असं बऱ्याचदा झालंय सर," दिशा सांगत होती. "आमच्या साहेबांचं म्हणणं, तुमच्या बाजूनं कुणीतरी काचांवर सावली पाडतंय. तसं निघालं तर कंपनी काचा काढून नेऊ शकते, वर उरलेल्या वर्षांची भरपाई मागू शकते. ते कलम आपण वाचलं होतं."

"हो हो, वाचलंय की," सर म्हणाले. वाचलं होतं हे खरंच होतं.

"मी घरी कोपरगावलाच आलेय. दुपारी येते. तोवर कारण शोधून ठेवा, नाहीतर साहेबांना काय सांगू?"

फोन ठेवल्यावर तिनं एक चित्र पाठवलं. त्यात कालच्या विजेची एक रेघ सकाळी चढत होती, दुपारी डोंगर होत होती, संध्याकाळी उतरत होती. फक्त डोंगराच्या ऐन माथ्यावर भाकरीचा घास तोडावा तसा खड्डा होता. सरांनी फोन आडवा धरला, उलटा धरला. खड्डा कुठूनही खड्डाच दिसत होता. चीक गार होऊन वाटीला चिकटला.

काचा गेल्या तर भरपाई कुठली द्यायची? बोर्डिंग बंदच पडणार. आणि मरियेला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुझं माहेर माझ्या सहीनं बुडालं?

ते बोर्डिंगात गेले. जिन्याखालच्या खोलीत कंपनीची यंत्रं होती, त्यांवर हिरवा दिवा लुकलुकत होता. हिरवा म्हणजे ठीक, असा अंदाज करून सर बाहेर आले. गच्चीचा लोखंडी जिना त्यांच्या गुडघ्यांना मानवत नसे. काचा बसल्यापासून ते वर गेलेच नव्हते. किल्ली रंगुबाईंकडे असे, कारण काचा धुवायला माणूस आला की पाणी त्याच देत. रंगुबाई स्वयंपाकघरात दिसल्या नाहीत. गेल्या असतील बाजाराला, असं सर मनाशी म्हणाले. मग त्यांना धुराची आठवण झाली.

धूर म्हणजे गोरक्ष. बोर्डिंगच्या कुंपणाला लागून त्याचा ऊस होता. तोड झाली की तो पाचट पेटवायचा. धुरानंच ऊन अडत असणार! सर छत्री उघडून तरातरा बांधावर गेले. गोरक्ष ट्रॉलीवर उभा राहून चारा रचत होता.

"गोरक्ष, पाचट पेटवतोस का रे दुपारचं?"

"न्हाई वो मास्तर. औंदा पाचट रानातच कुजवलंय. का, काय झालं?"

सरांनी जमेल तसं सांगितलं. गोरक्षानं पेंढी खाली ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"थांबा, थांबा. जागा तुमची?"

"आमची."

"पीक त्यांचं?"

"म्हणजे वीज. हो, त्यांची."

"अन् तीच वीज इकत घ्यायची बी तुमीच? आवो, आमी वाट्यानं रान देतो तवा निम्मं पीक घरी येतं. तुमी रानबी दिलं अन् पीकबी इकत घेताय! ह्यो कुठला वाटा म्हनायचा?"

प्रश्न बिनतोड होता, आणि गंमत म्हणजे तो त्यांनाही पहिल्या दिवसापासून पडला होता. "तसं नसतं ते," ते म्हणाले. मग कसं असतं, हे गोरक्षानं विचारू नये म्हणून त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"आन तुमच्या काचा तर काळ्या हुत्या ना?" ट्रॉलीवरून बोर्डिंगच्या दिशेनं बघत गोरक्ष म्हणाला. "आज रंगीत कशा दिसत्यात? एक हिरवी, एक आभाळी... लई झ्याक दिसतंय पर."

सरांनी छत्री मिटली आणि गुडघे विसरून ट्रॉलीवर चढले. बोर्डिंगच्या गच्चीवर साड्या पसरल्या होत्या. त्यातली काठाला पिवळी वेल असलेली आभाळी साडी त्यांनी स्वतः नगरच्या कापडबाजारातून आणली होती.

लोखंडी जिना ते कसे चढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. वर जुन्या साड्या काचांवर ताणून, कोपऱ्यांना चिमटे लावून पक्क्या केल्या होत्या. त्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया ओळीनं मांडल्या होत्या. मंडळाच्या बायका टाकीच्या सावलीत बसून गाणं म्हणत होत्या. रंगुबाई पातेल्यातला चीक सोऱ्यात भरत होत्या.

"आलात का! बघा तरी," मरियाबाई कौतुकानं म्हणाल्या. "खालनं काच तापती, वरनं ऊन. दोन दिवसांचं वाळवण एका दुपारी हुतंय. उतार हाय म्हणून पाणीबी निथळून जातं. औंदा पोरींना नाताळापर्यंत पुरतील."

वर्षानुवर्षं हीच गच्ची वाळवणाची होती. काचा बसल्यावर बायका चर्चच्या अंगणात वाळवण घालत असतील, असं सर धरून चालले होते. इथल्या कुरडया बोर्डिंगच्या कोठीत जात आणि रविवारी मुलींच्या ताटात पडत. मरियाबाईंनी लहानपणी त्याच खाल्ल्या होत्या.

"अगं, पण काचांवर!" सरांचा आवाज चिरकला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच की," रंगुबाई शांतपणे म्हणाल्या. "गच्ची आपली, ऊन देवाचं. काचा त्यांच्या हायेत म्हनून तर खाली धुतलेलं लुगडं घातलं. त्यांच्या वस्तूला डाग नगं पडाया."

रागवावं तर कुणावर? तेवढ्यात जिना वाजला आणि दिशा वर आली. तिनं साड्या पाहिल्या, कुरडया पाहिल्या. हातातला फोन काढून त्यावरची रेघ पाहिली, आणि मटकन टाकीच्या कठड्यावर बसली.

"महिनाभर आम्ही पुण्यात डोकं फोडतोय," ती म्हणाली. "कुणी म्हणालं कबुतरं, कुणी म्हणालं यंत्र बिघडलं. ऊन काचेला लागलंच नाही तर वीज होणार कशी? सर, यांना कुणी सांगितलं नव्हतं का, की काच झाकायची नाही?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मरियाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सगळं त्यांच्या एका क्षणात लक्षात आलं असावं, कारण त्या पटकन पुढं झाल्या. "बाई, चूक आमची हाय. आमी अडाणी बायका. सरांनी आमाला समदं नीट सांगितलं हुतं, आमच्याच डोक्यात शिरलं न्हाई. पण काचा नेऊ नका. पोरी कुठं जातील?"

झाकली मूठ तशीच राहिली असती. दिशानं मान हलवलीही होती. सरांनी फक्त घसा खाकरून "हं" म्हणायचं होतं. पण जिच्या बोर्डिंगसाठी सही केली, तीच बाई पदर खोचून त्यांचा अडाणीपणा आपल्या अंगावर घेत होती. सरांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी हात वर केला.

कुणालाच कळेना. दिशाला वाटलं ते वर काही दाखवताहेत. तिनं आभाळाकडे पाहिलं. "काय झालं सर?"

"समजलं नाही," पाटोळे सर म्हणाले. हात तसाच वर होता. "मला तो करार समजलाच नव्हता बाई. पहिल्या पानापासून. मी नुसती मान हलवली. या बायकांनी विचारलं तेव्हा मला उत्तर येत नव्हतं, म्हणून गोड वाक्य ठोकून दिलं. यांनी ते खरं मानलं."

रंगुबाईंच्या सोऱ्यातून चिकाची तार लोंबत राहिली. मरियाबाई नवऱ्याकडे अशा पाहू लागल्या, की जणू इतक्या वर्षांत हा माणूस त्यांना पहिल्यांदाच नीट दिसत असावा. मग रंगुबाईंनीही चिकानं भरलेला हात वर केला. "मलाबी न्हाई समजलं." मागून आणखी हात वर झाले.

दिशाला हसावं की रडावं कळेना. "बरं, विचारा," ती म्हणाली. "पहिला प्रश्न?"

सरांनी गोरक्षाचाच प्रश्न विचारला: जागा आमची, पीक त्यांचं, मग विकत आम्ही का घ्यायचं?

"कारण बी-बियाणं, औजार, राखण सगळं त्यांचं. पीक बुडालं तर तोटाही त्यांचा. तुमच्याकडे एक पैसा नसताना त्यांनी हे उभं केलं. तुमचा वाटा म्हणजे स्वस्त वीज. फक्त पिकावर गोधडी टाकायची नाही."

"आन वाळवण कुटं घालायचं?" रंगुबाईंनी विचारलं.

दिशा उठली. काचांच्या दोन ओळींमध्ये चालायला वाट होती, तिथं जाऊन उभी राहिली. तिची सावली तिच्या पायांशीच गोळा झाली होती. "इथं," ती सावकाश म्हणाली. "थंडीत या वाटेवर सावली असते, पण चैत्रात सूर्य डोक्यावर. जमिनीलगत कुरडया घातल्या तर काचेला काही होत नाही. वायरींपासून लांब राहायचं. साहेबांना कारण सापडलं म्हणून सांगते आणि या वाटेची परवानगी लेखी मिळवते. काचा जाणार नाहीत. पण पुन्हा एकदा झाकल्या, तर मला काही करता येणार नाही." मग ती सरांकडे वळली. "हा प्रश्न तेव्हाच आला असता ना सर, तर वाट मी दुप्पट रुंद सोडली असती. नकाशा मीच काढलाय."

बायका उठल्या. मरियाबाईंनी चिमटे काढले आणि आभाळी साडीचं एक टोक सरांच्या हातात दिलं. दोघांनी ती कुरडयांसकट अलगद उचलून वाटेत ठेवली. खालची काच काळीभोर चमकली.

"आता युनिट कसं मोजतात ते सांगते," म्हणत दिशानं बोलायला सुरुवात केली. जाणारी वीज, येणारी वीज, दोन मीटर, त्यांची वजाबाकी. सर कान देऊन ऐकत होते. शेवटी तिनं सवयीनं विचारलं, "समजलं ना सर?"

सरांची मान सवयीनं हलू लागली. मरियाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मान मध्येच थांबली.

"नाही," सर म्हणाले. "पुन्हा एकदा सांगा."