झाडाचा कान

"दाब, बाई, जोरात दाब! झाडाचा कान आहे हा. तुझ्या पोटातलं पाप ऐकतो!"

लाकडाच्या वखारीमागे मेलेल्या बुंध्याभोवती ही झुंबड उडाली होती. झोळीवाल्या बाबाने बुंध्यावरची कानाच्या आकाराची अळंबी उपटली, उलटी केली आणि तिची पांढरीशुभ्र बाजू दोघी बहिणींतल्या धाकटीपुढे धरली. तिने अंगठा दाबला. तपकिरी डाग उमटला आणि गर्दी हळहळली.

"पाप शिल्लक आहे. कान कोरा राहिल्याशिवाय मानेवरच्या गाठीला डॉक्टरची सुरी लावलीस, तर मेलीस!"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाठ साधी नाही, लगेच काढा, असं डॉक्टरणीने बजावलं तेव्हा ती वाटाण्याएवढी होती. आता ओढणीखालूनही दिसत होती. आणि धाकटीचा शिकलासवरलेला नवरा दर आठवड्याला बायकोला इथे आणून डाग बघत बसला होता!

थोरली शाळेत जीवशास्त्र शिकवायची. भाचीला कडेवर घेऊन ती आज पहिल्यांदाच आली होती. तिने बुंध्यावरची अळंबी न्याहाळली. वरून तपकिरी, लाकडासारखी टणक. खालून पांढरी, बारीक छिद्रांची. मेलेल्या लाकडावर वाढणारी बुरशी, दुसरं काय!

तेवढ्यात वखारीच्या मालकाची पाळी आली. ही जागा त्यानेच बाबाला दिली होती. त्याच्यासाठी मात्र कान झोळीतून निघाला. त्याने अंगठा दाबला, डाग नाही. "शुद्ध झालास!" बाबा गरजला. ती अळंबी वाळून पिवळट पडल्याचं थोरलीला लांबूनही दिसलं.

तिने बुंध्यावरची ताजी अळंबी उपटली आणि बाबापुढे धरली. "आता तुमचा अंगठा टेकवा."

"आम्ही फक्त कड धरतो. तसा नेम आहे."

"का? डाग पडेल म्हणून?"

"ताई, गप्प बसा हो, कोप होईल," धाकटीचा नवरा पुटपुटला.

थोरलीने भाचीचं इवलंसं बोट धरून पांढऱ्यावर दाबलं. डाग पडला.

"सांगा, तुमच्या दीड वर्षाच्या लेकीने कोणतं पाप केलं?"

त्याने लेकीला आपल्याकडे घेतलं आणि थोरली गर्दीकडे वळली.

"ताजी अळंबी दाबली की तपकिरी पडते, वाळलेली पडत नाही. ज्याला अडकवायचं त्याला ताजी, ज्याला खूश करायचं त्याला वाळलेली! या भामटेगिरीपायी माझी बहीण मरायला टेकली. माझंही ऐकू नका. स्वतः दाबून बघा!"

लोकांनी दाबून बघितलं. म्हाताऱ्यांचे, पोरांचे, सगळ्यांचे डाग पडले. बाबाने झोळी उचलली, पण त्याला वाट द्यायला कुणी हललं नाही.

"म्हणजे मी पापी नव्हतेच?" धाकटीने विचारलं.

"आजारी आहेस गं. चल दवाखान्यात."

डॉक्टरणीने गाठ चाचपली. "अजून काढता येईल, पण ऑपरेशन आता मोठं होईल. इतके दिवस काय करत होतात?"

"डाग बघत बसलो होतो," नवरा म्हणाला.

झाडाला कान नसतो. आपल्याला आहेत आणि डोळेही आहेत. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तो त्याच्याच अंगठ्यावर करून बघायला सांगा.