सायरनच्या खांबाची सावली

सकाळी फ्रिज उघडला आणि नंदाच्या काळजात चर्र झालं. थर्मामीटर नऊ अंशांवर! आत गावातल्या पोरांसाठी आणलेल्या गोवराच्या लशी होत्या. आठच्या वर पारा राहिला की त्या बाद व्हायला लागणार.

सौदी अरेबियात, जुबैलच्या उत्तरेला, वाळवंटातल्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात वीज पोचलीच नव्हती. छतावरच्या सहा सोलर पॅनेलांवर बॅटऱ्या चालत, बॅटऱ्यांवर फ्रिज. मिरजेहून नर्स म्हणून आल्यापासून चार वर्षांत तो कधी रुसला नव्हता.

लशी बर्फाच्या पेटीत हलवून ती छतावर गेली. आखातातली लढाई सुरू झाल्यावर लष्कराने तिथे सायरनचा खांब रोवला होता. जानेवारीचं कललेलं ऊन त्याची सावली थेट पॅनेलांवर टाकत होतं.

"चार बोटांची तर सावली, सिस्टर," दापोलीचा वायरमन कादिर म्हणाला.

"पण पॅनेलं एका माळेत जोडलीत ना? एकावर सावली पडली की सगळ्या माळेचा जोर जातो."

दिवसभर दर तासाला नंदाने खडूने सावलीची कड आखली. खांबाच्या दक्षिणेला, कठड्यालगतची पट्टी तेवढी सावलीबाहेर राहिली. दुसऱ्या दिवशी दोघांनी पॅनेलं तिकडे हलवायला घेतली. कठड्याची सावली चुकवायला खाली विटा रचल्या.

शेवटचं पॅनेल दोघांच्या हातात असताना सायरन वाजला. डोक्यावरच, कान फाटतील असा.

"सिस्टर, खाली चला! गॅसचा मुखवटा चढवा!"

"हे ठेवू आधी. फुटलं तर दुसरं कुठून आणायचं?"

त्यांनी ते विटांवर टेकवलं आणि जिन्याकडे धाव घेतली. दूर कुठेतरी जमीन हादरली.

दोन दिवसांनी पारा पाचवर आला. नंदाने लशी परत फ्रिजमध्ये ठेवल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

फेब्रुवारीअखेर मात्र कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींचा धूर आला. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं दिसू लागलं. आता पॅनेलं हलवायची तरी कुठे? पारा सातवर चढला.

"कादिरभाई, गाडी काढा. घरोघरी सांगा, पोरं आजच्या आज आणा म्हणून."

काळ्या पायघोळ अबायांमधल्या आया लेकरांना छातीशी धरून रांगेत उभ्या राहिल्या. पोरांच्या नाकांशी काजळी साचली होती.

चार वाजता शेवटची कुपी संपली. नंदा छतावर गेली. कादिर पॅनेल पुसत होता. फडकं काळंकुट्ट झालं होतं, पण काचेवर ऊन काही उतरत नव्हतं.