नेलचे गाल

“हिच्या कपाळावरची खोक कुठं गेली?” म्हातारीने फोटो माझ्यापुढे आपटला.

खोक मीच घालवली होती. लंडनच्या या स्टुडिओत एकोणीस वर्षे मी तेच करते. वर काचेच्या छताखाली नटनट्या मुकुट घालून, मानेला लोखंडी आधार देऊन उभ्या राहतात. खाली खिडकीशी बसून मी त्यांचे फोटो ज्या काचेवरून छापतात तिच्यावर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या, वांग, व्रण भरून टाकते. दुकानातून लोक हौसेने नेतात ते चेहरे निम्मे माझेच. मला त्याचा केवढा तोरा होता!

म्हातारी, मिसेस बॅगशॉ, डर्बीशरहून आली होती. तिची लेक नेल रंगमंचावर ऑगस्टा वेन या नावाने नटी झाली आणि गेल्या महिन्यात क्षयाने गेली.

“ही राणी नको मला, बाई. माझी पोर द्या.”

“पेन्सिल पुसता येते,” मी म्हणाले. साहेबांना कळले असते तर माझी धडगत नव्हती. तरी मी काच काढली आणि फडक्याला टर्पेंटाइन लावून सगळ्या चेहऱ्यावरची पेन्सिल पुसली. काचेवर काळ्याचे पांढरे दिसते, पण मागे काळे कापड धरले की चेहरा सुलट होतो. मी काच तिच्या सुतकाच्या काळ्या झग्यावर, मांडीवर ठेवली.

“हीच खोक! चुलीवर आपटली होती, बया.” ती हसली. मग आणखी वाकून पाहू लागली.

खोकेखाली खोल गेलेले गाल होते, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे.

“हा फोटो कधीचा?”

“दोन वर्षं झाली.”

“गेल्या नाताळात तिनं हाच धाडला होता. मी तिला बघायला निघायच्या तयारीत होते. फोटो बघितला नि म्हटलं, कशी भरलीय गालावर! कशाला उगाच जायचं?”

फोटोच्या दिवशी वरून तिचा खोकला मला ऐकू येत होता. अजूनही वर कुणी खोकले की माझी पेन्सिल थांबते.

“ते गाल मी भरले होते,” मी म्हणाले.

“हात चांगला आहे हो तुमचा,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता.

मग ती अंगठ्याने नेलचा गाल चोळत राहिली. काचेला बोट लावू नका, असे मी साहेबांनाही बजावते. तिच्या मांडीवरची काच मी तशीच राहू दिली.